वार्निशवरचा माणूस

मी एका जळालेल्या नाटकघराचं चित्र आहे. तैलचित्र. दोन्ही हात पसरले तर जेमतेम मावेन एवढी माझी रुंदी. नाटकघर आता नाही. जिथे ते होतं तिथे लोक गाड्या उभ्या करतात. त्यामुळे ते कसं होतं असं कुणी विचारलं, की माझ्याकडे बोट दाखवलं जातं. पण मी तर ते जळल्यानंतरचा. धडधाकट असताना ते कसं दिसायचं, हे मलाही माहीत नाही.

माझ्याविषयी सांगायचं तर आधी जिने मला काढलं तिच्याविषयी सांगायला हवं. ती शाळेत चित्रकला शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. तिचा मोठा भाऊ नाटकघरात पडदा ओढायचा. रंगमंचाच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचं घर होतं. भाऊ, बाई, त्यांची म्हातारी आई आणि भावाची नुकती रांगायला लागलेली मुलगी. मुलीची आई बाळंतपणातच गेली होती. मुलीचं नाव काहीतरी चांगलं ठेवलं होतं म्हणे, पण सगळे तिला बेबी म्हणायचे. आता ती आजी व्हायला आली तरी बेबीच आहे.

आग भर दुपारी लागली. तालीम आटोपून नटमंडळी जेवायला गेली होती, बाई शाळेत होती. पडदेवाल्याने आधी आईला हाताला धरून बाहेर आणलं, मग मुलीला आणून तिच्या मांडीवर ठेवलं, आणि तो परत आत गेला. का गेला, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. कुणी म्हणालं पेटी आणायला, कुणी म्हणालं आत कुणी राहिलंय का ते बघायला. म्हातारी म्हणायची, "पडदा वर राहिला होता. पडदा वर ठेवून तो कधी घरी आला नाही."

तो आलाच नाही. घरातलं सामान, कपडे, भिंतीवरचे फोटो, बाईने तोवर काढलेली चित्रं, सगळं त्या दोन खोल्यांबरोबर गेलं.

काही महिन्यांनी नगरपालिकेने ठरवलं, की उरलेल्या भिंती पाडण्याआधी त्या पडक्या वास्तूचं एक चित्र काढून घ्यायचं. इतकी जुनी इमारत, निदान आठवण राहावी. हे काम बाईने मागून घेतलं. शाळेच्या मुख्याध्यापिका तिला म्हणाल्या, "अगं, तुला झेपेल का तिथे बसणं?"

"दुसऱ्या कुणी काढलं तर मला ते बघावं लागेल," बाई म्हणाली. "त्यापेक्षा मीच काढते."

असा माझा जन्म झाला. लाकडी चौकट, तिच्यावर ताणून ठोकलेलं कापड, त्यावर सरसाचा आणि पांढऱ्या रंगाचा हात. बाई रोज शाळा सुटली की एक घडीची खुर्ची घेऊन यायची, मला तिवईवर चढवायची आणि रंगवायला लागायची. समोर पाच कमानींची दगडी भिंत उभी होती. तिच्यामागे छप्पर नव्हतं. ज्या खिडक्यांमधून आधी आतला अंधार दिसत असेल त्यांतून आता आकाश दिसत होतं. तुळया अर्ध्यातून तुटून खाली आल्या होत्या. प्रेक्षकांच्या खुर्च्यांची लाकडं जळून गेली होती आणि लोखंडी पाय रांगेत तसेच उभे होते. काळा रंग संपला तेव्हा बाईने तिथलाच तुळईचा कोळसा उचलला, पाट्यावर वाटला आणि जवसाच्या तेलात घोटला. दुकानातल्या काळ्यापेक्षा तो जरा तपकिरीकडे जातो. माझ्यातल्या तुळया त्या रंगाच्या आहेत.

नगरपालिकेचे चिटणीस एकदा काम बघायला आले. बराच वेळ मान तिरकी करून उभे राहिले.

"छान आहे," ते म्हणाले. "पण बाई, थोडा धूर घाला ना. आग लागली होती असं वाटलं पाहिजे."

"धूर कधीच गेला," बाई म्हणाली.

"निदान ढग तरी काळे करा."

"ढगांना काय झालंय?"

चिटणीस हसले आणि गेले. एवढ्या बोलण्यावरून ती बाई कोण आणि तिथे तिचं काय गेलंय हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण नंतर ते पुन्हा आले नाहीत.

एक गोष्ट मात्र मी तिथे पाहिली. डाव्या बाजूला, कमानींच्या पलीकडे, एक उंच अरुंद दार होतं. विंगेत जाण्याचं दार. पडदेवाला तिथेच उभा राहायचा. बाई सगळीकडे बघून रंगवायची. त्या दाराकडे मात्र एकदा बघायची आणि पुढे बराच वेळ माझ्याकडेच बघत काम करायची. दार तिने रंगवलं, अगदी काटेकोर. आतला राखाडी उजेडही रंगवला. पण दाराचं काम एका बैठकीत उरकलं.

तैलचित्र वाळायला फार वेळ घेतं. वरून हात लावला तर कोरडं लागतं, आत ओलं असतं. माणसांचंही तसंच असतं असं म्हणायचा मोह होतो, पण ते राहू दे. बाईने मला भाड्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि चांगलं वाळू दिलं. तोवर नाटकघराच्या भिंती पाडून झाल्या होत्या. मग तिने माझ्यावर वार्निश चढवलं.

वार्निश म्हणजे चित्रावरचा पारदर्शक थर. धूळ, धूर, माणसांचे श्वास तो स्वतःवर घेतो. वर्षानुवर्षांनी पिवळा पडला की पुसून काढता येतो, आणि खालचं चित्र जसंच्या तसं मिळतं. म्हणून आमच्यात रीत अशी, की वार्निश चढलं म्हणजे चित्र पुरं झालं. त्यानंतर ब्रश लावायचा नाही. जे वार्निशच्या खाली ते राहणार. जे वर लावाल ते वार्निशबरोबर कधीतरी जाणार.

वार्निश वाळल्यावर नगरपालिकेचा फोटोग्राफर आला. नव्या सभागृहाच्या उद्घाटनाची पुस्तिका निघणार होती, तिच्यात माझा फोटो हवा होता. त्याने मला खिडकीशी उभं केलं, फोटो काढला, चहा घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी मला न्यायला गाडी येणार होती.

तोवर म्हातारीने मला पाहिलं नव्हतं. एका खोलीत राहूनही तिने माझ्या पाठीलाच पाहिलं होतं. त्या दुपारी ती काठी टेकत आली आणि माझ्यासमोरच्या पलंगावर बसली. बेबी तिच्या पायाशी खेळत होती.

"भिंती काढल्यास," म्हातारी म्हणाली.

"हो."

"तुळया काढल्यास. खुर्च्यांचे पाय काढलेस." तिने मान पुढे केली. "आणि तो?"

"आई, हे नंतरचं चित्र आहे. तेव्हा तो नव्हता."

"मग कुठे गेला होता?"

बाई उठली. पुसून ठेवलेले ब्रश तिने पुन्हा बाहेर काढले.

रीत तिला माहीत नव्हती असं नाही. मुलांना तीच शिकवायची. पण वार्निश काढून, खाली रंगवून, ते वाळवून पुन्हा वार्निश चढवायला वेळ कुठे होता? तिने बारीक ब्रश घेतला आणि त्या उंच अरुंद दारात, वार्निशवरच, आपल्या भावाला उभं केलं. करंगळीच्या पेराएवढा. पाठमोरा. एक हात वर उचललेला, दोरी धरल्यासारखा. दोरी तिने काढली नाही. दोरी जळाली होती. आयुष्यभर ओढून ओढून उतरलेला त्याचा उजवा खांदा तिने ब्रशच्या एका फटकाऱ्यात टाकला आणि पुन्हा त्याला हात लावला नाही.

म्हातारी उठून जवळ आली. डोळे बारीक करून बघत राहिली.

"शर्ट खोचलेला नसायचा त्याचा," ती म्हणाली.

बाईने शर्ट बाहेर काढला. म्हणजे कमरेखाली पांढुरक्या रंगाचा एक ठिपका वाढवला.

"आता बरोबर."

म्हातारी परत जाऊन बसली. बाई ब्रश धुताना स्वतःशीच म्हणाली, "नंतर कधीतरी तेवढ्या जागेचं वार्निश काढून नीट बसवीन."

मी सभागृहात आलो. सभागृह नाव मोठं. मला लावलं ते त्याच्या बाहेरच्या लांब खोलीत, जिथे जन्ममृत्यूच्या दाखल्यांची खिडकी आहे. माझ्यासमोर एक लाकडी बाक. त्यावर बसून मी माणसं पाहिली. म्हणजे ती बसायची, मी टांगलेला. जन्माचा दाखला न्यायला आलेला माणूस येरझाऱ्या घालतो. मृत्यूचा न्यायला आलेला बसून राहतो, आणि खिडकी उघडली तरी चटकन उठत नाही. वेळ जावा म्हणून दोघंही माझ्याकडे बघतात. माझ्या वार्निशमध्ये आपलं प्रतिबिंब दिसतं असं लक्षात आलं की त्यातले काही केस नीट करतात.

"कसलं चित्र हो हे?" एकाने एकदा शेजाऱ्याला विचारलं.

"नाटकघर. जळालं ते."

"असं होय. सुंदर दिसतंय."

"जळाल्यावर सगळंच सुंदर दिसतं. उभं होतं तेव्हा मुतारीचा वास यायचा."

"पण बरं झालं एका अर्थी. नाहीतर गाडी लावायला जागा कुठली मिळाली असती?"

मला याचा राग येत नाही. पडक्या वास्तूंची चित्रं लोकांना आवडतात, ती का आवडतात हे त्यांना विचारू नये. ज्याचं त्या आगीत काही गेलं नाही त्याला आकाश दिसणारी खिडकी सुंदरच दिसणार.

बेबी मात्र माझ्याकडे बघायला यायची नाही. ती दाराकडे बघायला यायची.

लहान होती तेव्हा बाई तिला कडेवर घ्यायची. "हे बघ, ते बाबा. बोट नाही लावायचं." बेबी बोट मागे घ्यायची आणि त्याच बोटाने टाटा करायची. पुढे तिचं तिलाच दिसायला लागलं. शाळेतून येताना ती आत शिरायची, नाक टेकेल इतकी जवळ यायची, काय झालं ते दोन वाक्यांत सांगायची आणि पळायची. गणितात पास झाले. दात पडला. आजी गेली.

आजी गेली त्या वर्षी बाई आणि बेबी एकदा बराच वेळ बाकावर बसल्या होत्या. बेबी तेव्हा दोन वेण्या घालायच्या वयाची.

"आत्या, बाबांचं एक मोठं चित्र काढ ना. तोंडाचं."

"काढायला बसते गं," बाई म्हणाली. "पण डोळे मिटले की मला त्याची पाठच दिसते. लहानपणापासून मी विंगेत त्याच्यामागेच बसायचे ना, पाटी घेऊन. तोंड मी कधी नीट बघितलंच नाही. भावाचं तोंड कोण बघतं?"

"मग आहे हे नीट ठेव. पुसलं तर?"

"नीट बसवायचं आहे," बाई म्हणाली. "पण तसं करायचं तर आधी हा पुसावा लागेल. पुसून मग पुन्हा काढायचा." तिने माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या पिशवीकडे. "करू. आज नको."

बाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. तो ‘आज’ कधी आला नाही.

लग्न ठरल्यावर बेबी नवऱ्याला घेऊन आली. तो उंच, हसरा माणूस. कंबरेत वाकून त्याने दारात पाहिलं.

"हे बाबा," बेबी म्हणाली.

"अरे वा. पहिल्या भेटीतच सासऱ्यांनी पाठ फिरवली."

बेबी इतकी हसली, की दाखल्याच्या खिडकीतून कारकुनाने मान बाहेर काढली. मग हसता हसता तिने डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "फोटो एकही नाही. एवढेच आहेत."

"पुष्कळ आहेत की," तो म्हणाला. तेव्हापासून मला तो आवडतो.

पण मी पिवळा पडत चाललो होतो. खोलीत माणसं सिगारेटी ओढत, खाली रस्त्यावर गाड्या वाढल्या होत्या. आधी आकाश मळलं, मग कमानी चहाच्या रंगाच्या झाल्या. दारातला माणूस धूळ आणि धुरात बुडायला लागला. वार्निशवर असल्यामुळे त्याला पांघरूण नव्हतं. सगळं थेट त्याच्यावर बसायचं. बेबीला आता चष्मा लागला होता. ती चष्मा वर करून, खाली करून बघायची.

"अहो, दिसतायत का तुम्हाला?" ती नवऱ्याला विचारायची.

"हात दिसतो," तो म्हणायचा. "खांदा दिसतो." मला वाटतं, पुढेपुढे तो आठवणीवरूनच सांगत असावा.

चित्र साफ करून घ्या, म्हणून बेबी कार्यालयाच्या मागे लागली. हेडक्लार्क भला माणूस होता. तिला पाहिलं की खुर्ची पुढे सरकवायचा.

"बेबीताई, तुमचं म्हणणं वर पाठवलंय."

"तुम्ही दरवेळी वर पाठवता. वर कोण आहे तरी कोण?"

"ते कळलं असतं तर मीच नसतो का गेलो?"

अशी वर्षं गेली. बाई गेली तेव्हा बेबी येऊन माझ्यासमोर उभी राहिली, नेहमीसारखी दोन वाक्यं बोलली नाही. आणि मग, हेडक्लार्कच्या निवृत्तीच्या सुमारास, संग्रहालयाने एक प्रदर्शन ठरवलं. आगीत गेलेल्या जुन्या वास्तूंची चित्रं. कुठलं जळालेलं वाचनालय, कुठली सूतगिरणी, कुठला लाकडी पूल. त्यात मला घेतलं, आणि मांडण्याआधी साफ करायचं ठरलं.

जाता जाता हेडक्लार्कने ही बातमी कळवली तेव्हा बेबीने सगळ्या कार्यालयाला चहा पाजला. मला भिंतीवरून उतरवताना ती तिथेच होती. "सांभाळून हं," ती हमालांना म्हणाली. मग माझ्याजवळ वाकून, मला नव्हे, दाराला म्हणाली, "बाबा, आता स्वच्छ होऊन या."

मला तेव्हाच कळलं काय होणार आहे. मला सांगता आलं असतं तर मी त्याच क्षणी सांगितलं असतं. चित्राचं दुर्दैव हे, की त्याला सगळं दाखवता येतं, बोलता काही येत नाही.

मला दुसऱ्या शहरात नेलं. तिथे मोठी खिडकी असलेली खोली होती, पांढरं स्वच्छ टेबल, बाटल्या, भिंगं, आणि काड्यांना कापूस गुंडाळून केलेले बोळे. चित्रं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला मी चित्रवैद्य म्हणतो. चष्म्यावर दुसरा चष्मा लावून काम करायचा. हात इतका हलका, की कापूस फिरतोय की वारा येतोय ते समजत नसे. काम करताना तो माझ्याशी हळू आवाजात बोलायचा. "हं, कोपरा दुखतोय का? झालंच." इतक्या प्रेमाने मला बाईनंतर कुणी हात लावला नव्हता. मी तक्रार कुणाची करू?

त्याच्याबरोबर त्याची एक सहकारी होती. आकाश साफ झालं, तेव्हा ती म्हणाली, "बापरे, निळं होतं हे." मग कमानी. मग माझ्यावर एक जांभळा दिवा धरला. त्या उजेडात जुनं वार्निश हिरवट चमकतं, आणि त्याच्यावर नंतर काही लावलेलं असलं तर ते काळं दिसतं.

"हा बघ," चित्रवैद्य म्हणाला. "दारातला माणूस. वार्निशच्या वर आहे."

"म्हणजे नंतरचा."

"नंतर कुणीतरी घातलाय. शिक्षा झाल्यासारखी टांगलेली असतात चित्रं कचेऱ्यांतून, येणारेजाणारे काहीबाही करतात."

तिने भिंग लावलं. "हौशी वाटत नाही. चांगला काढलाय."

"चांगला आहेच. मलाही आवडलाय." तो बराच वेळ बघत होता. "पण मला आवडणं हा काही निकष नाही. मूळ चित्रात होता का, एवढंच बघायचं."

तो घाई करणारा माणूस नव्हता. त्याने आमच्या कार्यालयात फोन केला. जुना हेडक्लार्क असता तर एका वाक्यात काम झालं असतं. त्याच्या जागी आलेला कारकून नवा होता.

"दारात कुणी माणूस आहे," चित्रवैद्याने विचारलं, "त्याविषयी तुमच्याकडे काही माहिती आहे का?"

"माणूस?" पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "थांबा, बघून सांगतो." मग जरा वेळाने, "साहेब, चित्र तर तुमच्याकडेच आहे."

तरी त्याने शोधाशोध केली आणि उद्घाटनाच्या पुस्तिकेतला फोटो पाठवला. तोच फोटो, फोटोग्राफरने खिडकीशी काढलेला. चित्रवैद्याने तो माझ्याशेजारी ठेवला आणि दारावर भिंग धरलं. दार रिकामं होतं.

"झालं तर," तो म्हणाला. मला वाटलं, त्याचा आवाज जरा पडला होता.

त्याने आधी फोटो काढून ठेवले, कारण तीही त्यांची रीत आहे. मग कापसाचा बोळा ओला केला आणि दारात फिरवायला लागला. आधी वर उचललेला हात गेला. मग डोकं. शर्ट राखाडी होऊन कापसावर आला. खांद्याचा रंग जाड होता, त्याला दुसरा बोळा लागला. मला काही दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. आखडून, तडकून, कसंही करून मी ते थांबवायला पाहिलं असतं. मी नुसता टेबलावर पडून होतो. दोन्ही बोळे त्याने काचेच्या बरणीत टाकले आणि झाकण लावलं.

प्रदर्शनात मला मधल्या भिंतीवर लावलं. माझ्या एका बाजूला जळालेलं वाचनालय होतं, जलरंगातलं. दुसऱ्या बाजूला सूतगिरणी, तिच्या चित्रकाराने मात्र भरपूर धूर घातला होता. लोक येत होते, मागे सरकून, पुढे येऊन बघत होते. माझ्यापाशी जास्त थांबत होते. निळं आकाश, दगडावरचा उजेड, लोखंडी पायांच्या रांगा. मी जन्मलो तेव्हाही इतका चांगला दिसलो नसेन.

बेबी नवऱ्याबरोबर आली. तिने नवी साडी नेसली होती आणि चष्म्याची काच दारातच पुसून घेतली.

"चला, आज तरी सासरे तोंड दाखवतात का बघू," तो म्हणाला.

"गप्प बसा हो," ती म्हणाली, पण हसत होती. सरळ माझ्याकडे आली. नाक टेकेल इतकी जवळ.

मला नजर वळवता येत नाही. मी तिच्या समोर होतो.

तिने आधी दारात पाहिलं. मग शेजारच्या कमानीत पाहिलं, जणू तो तिथे सरकला असेल. मग पुन्हा दारात. चष्मा काढला, लावला. नवऱ्याने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.  तिच्या हातातली पर्स तेवढी त्याने आपल्याकडे घेतली.

चित्रवैद्य जवळच उभा होता, कुणाला काही विचारायचं असलं तर म्हणून.

"तुम्ही साफ केलंत का हे?" बेबीने विचारलं.

"हो. कसं वाटतंय?"

"छान झालंय. इथे दारात एक माणूस होता."

चित्रवैद्याला आनंद झाला. इतकं बारीक बघणारं कुणी भेटलं की त्याला होत असावा. "तुमच्या लक्षात आहे तो? मूळचा नव्हता तो. वार्निशच्या वर होता. नंतर कुणीतरी घातलेला."

"हो, नंतरच घातला," बेबी म्हणाली. "माझ्या आत्याने."

"तुमच्या आत्याने?"

"त्यांनीच काढलंय ना हे. आजी म्हणाली म्हणून घातला. माझे वडील होते ते."

त्याने दोन्ही चष्मे काढले. सूतगिरणीपुढे कुणीतरी धूर किती खरा वाटतोय असं म्हणत होतं.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला. "मी विचारलं होतं. फोनसुद्धा केला होता."

"तुम्हाला कोण सांगणार. मीच सांगायला हवं होतं. माणूस पुसू नका, असं सांगावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं." तिने पदराचं टोक हातात घेतलं आणि सोडून दिलं. "साफ करा म्हणून तर मीच मागे लागले होते."

"माझ्याकडे फोटो आहेत," तो घाईने म्हणाला. घाई करताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. "काढण्याआधीचे. मोठे करून देतो. आणि मी त्यांना पुन्हा रंगवून देतो, तसेच, त्याच जागी. मला येईल ते. कुणाला फरक कळणार नाही."

बेबी त्याच्या हातांकडे बघत होती.

"तुम्ही त्यांना कधी पाहिलं होतं का?"

"मी? नाही. कसं पाहणार?"

"मीही नाही," बेबी म्हणाली. "आत्याने पाहिलं होतं."

 नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "बसतेस का जरा?" त्याने विचारलं. ती नको म्हणाली. निघताना तिने चित्रवैद्याला नमस्कार केला, आणि त्याने केलेला नमस्कार फार उशिरा झाला. तोवर ती वळली होती.

फोटो त्याने पाठवले, असं पुढे माझ्यासमोरच बोलणं झालं. पण त्याआधी तो आणि त्याची सहकारी ते फोटो घेऊन प्रदर्शन बंद असताना माझ्यापाशी आले होते. त्याने रंगांची पेटी आणली होती. फोटो मोठा केला की माणूस नाहीसा होतो. नुसते ब्रशचे चारपाच फटकारे राहतात, पिवळ्या काचेमागे असल्यासारखे. चित्रवैद्य ते फटकारे एका कागदावर उतरवून बघत होता. पुष्कळ वेळा उतरवले.

"जमतंय की," सहकारी म्हणाली.

"माणूस जमतोय," तो म्हणाला. "हा खांदा जमत नाही. एका फटकाऱ्यात टाकलाय तिने. मी टाकला की कुणाचाही खांदा होतो."

पेटी त्याने न उघडताच परत नेली.

आता मी पुन्हा दाखल्यांच्या खिडकीसमोर आहे. माझ्याखाली नवी पाटी लावली आहे. बाहेरगावचे लोकसुद्धा मला बघायला येतात. नव्या कारकुनाने सिगारेट ओढायला बंदी केली आहे, त्यामुळे मी लवकर पिवळा पडणार नाही. माझ्यावर नवं वार्निश आहे. त्याच्या वर काही नाही, खाली सगळं शाबूत आहे. तज्ज्ञ म्हणतात, मी आता अगदी मूळ स्थितीत आहे.

बेबी येते. ती यायची थांबेल असं मला वाटलं होतं. पण आता ती जवळ येत नाही. बाकापर्यंत येते आणि बसते. तिथून ती कमानी बघते, तुटलेल्या तुळया बघते, खिडक्यांतलं आकाश बघते. सगळ्या आयुष्यात तिने मला असं सबंध कधी पाहिलं नव्हतं. आपले वडील कुठे गेले ते ती आता बघते आहे. मला तिला दाखवता येण्यासारखं तेवढंच आहे, आणि ते दाखवल्यावाचून मला राहताही येत नाही.

तुम्हाला कधी तरी इथे यावं लागेल. कुणाच्या तरी दाखल्यासाठी सगळ्यांनाच यावं लागतं. तेव्हा बाकावर एक चष्मेवाली बाई बसलेली दिसली, तर वेळ जावा म्हणून माझ्यासमोर येऊन उभे राहू नका. जरा बाजूला थांबा. ती बघत असते.